वर्षाचा गहू भरून खरंच किती वाचतात?

मार्च संपत आला की हा प्रश्न मला जिन्यात, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो. ‘तुम्ही अजून वर्षाचं धान्य भरता ना, म्हणून तुमचा किराणा एवढ्यात भागतो. नक्की किती वाचतात हो?’ विचारणाऱ्या बहुतेक नुकताच संसार मांडलेल्या मुली असतात. एकदा गव्हाची कोठी भरली की महिन्याचं बिल निम्म्यावर येतं, अशी त्यांची समजूत असते. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्टच सांगते, गव्हात फारसं काही वाचत नाही.

हिशेब सोपा आहे. चार माणसं, दोन्ही वेळा पोळ्या, महिन्याला पंधरा किलो गहू. वर्षाचे झाले १८० किलो. आमच्या नाशिकला मार्च-एप्रिलमध्ये नवा लोकवन येतो तेव्हाचा भाव आणि दिवाळीनंतर किरकोळीत मिळतो तो भाव, यांत माझ्या अनुभवानं किलोमागे चार ते सहा रुपयांचा फरक पडतो. म्हणजे वर्षाला हजारभर रुपये, महिन्याला शंभराच्याही आत. त्यासाठी गहू चाळायचे, गच्चीवर उन्हं द्यायची, एरंडेलाचा हात फिरवायचा, कडुनिंबाचा पाला वाळवून थरांत घालायचा. (बोरिक पावडर मी खाण्याच्या धान्याला लावत नाही. तांदळाला चोळणारे पुष्कळ आहेत, त्यांचं त्यांच्यापाशी.) हे सगळं घरातल्या बाईनं करायचं आणि तिचे तास कुठल्याच वहीत चढत नाहीत. धान्य निवडायला बाई लावली किंवा मशीनवर साफ केलेला गहू घेतला, तर त्या हजारातलेही बरेच उडतात.

गव्हात वाचतं ते पिठाच्या पाकिटापासून लांब राहण्यात. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, पाकिटात भरून लेबल लावलेल्या धान्यावर, डाळींवर आणि पिठावर ५ टक्के जीएसटी लागतो. सुट्या धान्यावर तो नाही. दुकानात २६ किंवा ३० किलोच्या पिशव्या का दिसायला लागल्या, हे कोडं तुम्हाला पडलं असेल तर उत्तर हेच. सुटा गहू आणून गिरणीत दळला, तर दळणाचे पैसे धरूनही तो ब्रँडेड आट्यापेक्षा स्वस्त पडतो, आणि कोंडा पोळीतच राहतो. हा फायदा वर्षाचं न भरता महिन्याचे पंधरा किलो आणले तरी मिळतो. एका खोलीच्या घरात कोठी ठेवायला जागा नाही म्हणून खंतावू नका.

मग मी भरते कशाला? दुकानात कमी वेळा जावं लागतं म्हणून. खरी बचत इथे आहे, आणि ती सांगायला लागले की विचारणारीचा चेहरा जरा उतरतो. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात शहरी माणसाच्या खर्चात तृणधान्यांचा वाटा ४.५१ टक्के होता. पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा १०.६४ टक्के. आपण गहू-तांदळाच्या भावावर डोकं लढवतो आणि त्याच्या दुपटीहून जास्त पैसे बिस्किटं, वेफर्स, शीतपेयं आणि मागवलेल्या जेवणावर जातात. ही खरेदी यादीत लिहिलेली कधीच नसते. साखर संपली म्हणून माणूस दुकानात जातो आणि साखर सोडून चार वस्तू घेऊन येतो. मोबाइलवरून मागवणं तर त्याहून वाईट. कोथिंबिरीची जुडी पाहिजे असते, पण ‘अजून एवढ्याचं घ्या, घरपोच फुकट’ असं दिसलं की चॉकलेट चढतं, नूडल्स चढतात, आणि शेवटी हाताळणीचे म्हणून पाच-दहा रुपये लागतात ते वेगळेच.

म्हणून आमच्याकडे महिन्याचा किराणा एकदाच येतो. यादी करताना सगळे डबे उघडून बघते, आठवणीवर विसंबत नाही. आठवणीवर केलेल्या यादीत हिंग आणि जिरं दर महिन्याला असतं, आणि घरात त्यांच्या तीन-तीन पुड्या साठतात. मध्येच काही संपलं तर शक्यतो त्यावाचून चालवायचं. मुगाची डाळ संपली तर मसुराची आमटी होते, आणि तिला कोणी नावं ठेवत नाही.

आता तेल. किराण्याच्या बिलातली ठळक रक्कम हीच असते, आणि फसगतही इथेच जास्त. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरभर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. त्यामुळे १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. १५ लिटरच्या डब्यात तेल भरतं साडेतेरा किलोच्या थोडं वर. दोन दुकानांतल्या भावांची तुलना करताना आधी डब्यावर लिटर आहे की किलो, ते वाचा. पिशव्यांचंही तसंच. पूर्वी बऱ्याच वस्तूंची पाकिटं ठरावीक वजनांतच विकावी लागत, आता ते बंधन गेलं आहे. एक लिटरच्या पिशवीसारखीच दिसणारी, तेवढीच उंच, पण आत ८५० मिलिलिटर किंवा त्याहून कमी तेल असलेली पिशवी रांगेत उभी असते आणि ‘स्वस्त’ म्हणून खपते. बंधन काढताना सरकारनं पाकिटावर छापील किमतीबरोबर प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो, तेलाला प्रतिमिलिलिटर किंवा प्रतिलिटर, दर छापणं मात्र सक्तीचं केलं. तो अगदी बारीक अक्षरांत, कुठेतरी शिवणीजवळ असतो. माझा चष्मा पर्समध्ये असतो तो त्याच्यासाठीच.

हा दर वाचायची सवय लागली की मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं हा समजही जातो. शॅम्पूचं बघा. रुपया-दोन रुपयांची पुडी मिलिलिटरच्या हिशेबात बहुतेक वेळा बाटलीपेक्षा बरीच स्वस्त पडते. प्लॅस्टिकचा कचरा नको म्हणून मी बाटली घेते, पण ते पैसे वाचवणं नाही हे मला ठाऊक आहे.

घरच्या तुपाबद्दल असंच एक अप्रिय बोलायचं आहे. साय विरजून, लोणी काढून, तूप कढवलं की ते ‘फुकट’ मिळालं असं सगळ्या जणी म्हणतात. रोज लिटरभर म्हशीचं दूध घेतलं तर महिन्याला अर्धा किलोच्या आसपास तूप निघतं. पण म्हशीचं दूध गायीच्या दुधापेक्षा लिटरमागे चौदा-पंधरा रुपये महाग, म्हणजे महिन्याला सव्वाचारशे-साडेचारशे जास्त. तेवढ्यात बाजारातलं अर्धा किलो तूप येतं आणि वर पैसे उरतात. शिवाय साय तर गायीच्या दुधावरही थोडीफार धरतेच. मी घरचं तूप करते ते रवाळपणासाठी, ताकासाठी आणि पातेल्याला लागलेली बेरी साखर घालून खाण्यासाठी. काटकसर म्हणून नाही.

कांद्याचं नाशिककरांना वेगळं काय सांगणार, पण बाहेरच्यांसाठी सांगते. एप्रिल-मेमधला उन्हाळ कांदाच टिकतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा साठवायच्या भानगडीत पडू नये. शेतकऱ्याच्या हवेशीर चाळीतसुद्धा चार-पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के घट येते. फ्लॅटच्या बाल्कनीत तर विचारूच नका. दोन महिन्यांचा घ्या, पसरून ठेवा, आठवड्याला चाळवा.

भाजीत पैसे जातात ते घासाघीस न केल्यामुळे नव्हे, फ्रिजच्या तळाशी पिवळ्या पडलेल्या जुड्यांमुळे. गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात संध्याकाळी भाव उतरतात, हे खरं आहे. पण वीस रुपयांत तीन जुड्या मिळाल्या म्हणून आणल्या आणि एक फेकली, तर ती स्वस्त कशी? पालेभाज्या आणल्या की आमच्याकडे दोन दिवसांत खपतात. भोपळा, गाजर, कोबी पुढच्या दिवसांसाठी. फ्लॉवरचे कोवळे दांडे रश्श्यात जातात, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, दोडक्याच्या शिरा चटणीत. ही चटणी दोडक्याच्या भाजीपेक्षा चांगली लागते, असं माझं प्रामाणिक मत आहे. उरलेलं वरण आणि रात्रीची भाजी सकाळी थालीपिठाच्या पिठात मळली जाते. शिळ्या पोळीचा कुस्करा तर मुलांना इतका आवडतो की मुद्दाम दोन पोळ्या जास्त लाटाव्या लागतात. आता ही काटकसर की उधळपट्टी, तुम्हीच ठरवा.

साबण-पावडरीचं थोडक्यात. कपड्यांची पावडर चमच्यानं मोजून घालायची. पुडा तिरका करून ओतली की दुप्पट जाते. पुसायला कागदी रुमाल कशाला? जुन्या सुती साडीची फडकी वर्षभर पुरतात. लिंबाच्या साली मीठ लावून तांब्या-पितळेवर घासायच्या. ‘एकावर एक फुकट’ असेल तर आधी तारीख वाचायची, मग आपण ती वस्तू एरवी घेतली असती का, हे स्वतःला विचारायचं.

तांदळात मात्र मी हात आखडत नाही. आंबेमोहोर परवडत नाही तेव्हा चांगला इंद्रायणी, त्याखाली नाही. आणि किराणा कोपऱ्यावरच्या वाण्याकडूनच घेते. डाळीला कीड निघाली तर तो बिल न मागता बदलून देतो. नोव्हेंबरात ‘ताई, तूर आत्ता दोनच किलो न्या, नवी येऊ द्या’ असंही तोच सांगतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत नवी डाळ आली की भाव बहुतेक वेळा उतरलेला असतो. त्याच्याकडे साखर मोठ्या दुकानापेक्षा दोन रुपयांनी महाग आहे. मी घेते.