साहेबांचं गेट, कामगारांचं गेट

लॉर्ड्‌सवर पाहुण्या संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये शिरलं की आपल्याकडचा माणूस आधी भिंतीकडे धावतो. गाईड बिचारा बाल्कनीबद्दल काहीतरी सांगत असतो, कपिलने १९८३ मध्ये चषक इथेच उंचावला वगैरे. आपण मात्र शतकवीरांच्या फलकावर नावं शोधत असतो. वेंगसरकर तीनदा: १९७९, १९८२, १९८६. आमच्या मुंबईचा गोलंदाज अजित आगरकर, १०९ नाबाद, २००२. आणि सचिन? नाही. गावसकर? कसोटीतल्या शतकवीरांत तोही नाही. १९८७ साली या मैदानाच्या मालक क्लबच्या, म्हणजे एमसीसीच्या, द्विशताब्दी सामन्यात त्याने इथे १८८ ठोकले, पण ती कसोटी नव्हती. आमच्या गटातल्या एका दिल्लीकराने आगरकरचं नाव वाचून माझ्याकडे असं पाहिलं, जणू रात्री येऊन ते मीच तिथे रंगवून गेलो होतो. मी छाती पुढे काढून उभा राहिलो. तो सामना आपण १७० धावांनी हरलो होतो, हे त्याला आठवू नये एवढीच इच्छा होती.

मार्च महिना असल्याने मैदानावर खेळ नव्हता. पण टीव्हीवर कधीच नीट न कळलेली एक गोष्ट रिकाम्या मैदानात लख्ख दिसली: लॉर्ड्‌सचा उतार. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत मैदान जवळजवळ अडीच मीटर खाली येतं. पॅव्हेलियनसमोर उभं राहिलं की सीमारेषेवरचे जाहिरातीचे फलक तिरके लावल्यासारखे वाटतात. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज मॅकग्राने या उतारावर आयुष्य काढलं असतं तरी तो कंटाळला नसता.

या प्रवासात मला मैदानांपेक्षा एका जुन्या भांडणाचा माग काढायचा होता. इंग्लंडने जगाला खेळ दिले आणि त्यासोबत खेळाडूंची एक वर्णव्यवस्थाही दिली. हौशी तो ‘जंटलमन’, पैसे घेऊन खेळणारा तो ‘प्लेअर’. दोघांचा आपसात सामनाही व्हायचा. १८०६ मध्ये सुरू झालेला तो प्रकार १९६२ पर्यंत चालला. एकाच संघातून खेळले तरी ड्रेसिंग रूम वेगळी, मैदानात उतरायचं दार वेगळं. छापील धावपत्रिकेत साहेबाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी यायची आणि पगारी गड्याची नंतर. १९५० साली लॉर्ड्‌सवर म्हणे ध्वनिक्षेपकावरून जाहीर खुलासा झाला होता, की फ्रेड टिटमस या पगारी खेळाडूची आद्याक्षरं चुकून पुढे छापली गेली आहेत, प्रेक्षकांनी ती मागे वाचावीत. पोरगं तेव्हा सतरा वर्षांचं होतं.

त्यातली गंमत अशी, की ‘हौशी’ म्हणजे फुकट खेळणारा असा ज्याचा समज असेल त्याने इंग्लंडचा नामांकित क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेसचे हिशेब बघावेत. ग्रेस डॉक्टर, म्हणून सभ्य गृहस्थ, म्हणून हौशी. १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी या हौशी गृहस्थाने १,५०० पौंड आणि वर खर्च घेतला. त्याच्यासोबतच्या व्यावसायिकांना मिळाले १७०. लॉर्ड्‌सच्या मुख्य दाराला आज त्याचंच नाव आहे. त्या दाराशी मीही फोटो काढला. राग असला तरी फोटो सोडायचा नसतो.

माझ्या डोक्यात तिथे सतत दलित गोलंदाज पळवणकर बाळू होता. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये खेळपट्टीची कामं करणारा मुलगा साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास चेंडू टाकायचा. फलंदाजी मात्र त्याच्या वाट्याला येत नसे. बॅट हे मालकाचं हत्यार आणि चेंडू टाकणं ही मजुरी, ही समजूत इथूनच तिकडे निर्यात झाली होती, आणि आपल्याकडच्या जातीने तिला मोठ्या आनंदाने घरात घेतलं. तोच बाळू १९११ च्या दौऱ्यावर इंग्लंडला आला आणि शंभरावर बळी घेऊन गेला. अधिकृत कसोट्या अजून दोन दशकं लांब होत्या, त्यामुळे या भिंतीवर त्याला जागा नाही.

विनू मंकड मात्र तिथे दोनदा आहे, फलंदाजांतही आणि गोलंदाजांतही, आणि तेही एकाच सामन्याचं. १९५२. विनूभाई त्या मोसमात लँकशर लीगमध्ये हॅसलिंग्डन क्लबचे पगारी खेळाडू होते. संघात निवड होईलच अशी हमी आपल्या मंडळाने दिली नाही, मग माणसाने रीतसर करार केला. पहिली कसोटी हरल्यावर मंडळाला त्यांची आठवण झाली आणि क्लबकडून त्यांना सोडवून घ्यावं लागलं. आल्या आल्या ७२ धावा, मग डावात ७३ षटकं टाकून पाच बळी, मग १८४, आणि दुसऱ्या डावात पुन्हा २४ षटकं. तरी आपण हरलोच. समोरच्या संघाचा कर्णधार होता लेन हटन, इंग्लंडने विसाव्या शतकात रीतसर नेमलेला पहिला व्यावसायिक कर्णधार. देशाचं कर्णधारपद मिळालं, पण त्याच्या स्वतःच्या यॉर्कशरने त्याला कधी कर्णधार केलं नाही. काही कुंपणं देशाच्या हद्दीवर नसतात, काउंटीच्या हद्दीवर असतात.

यॉर्कशरचा विषय निघालाच, तर तिथलं हडर्सफील्ड. मँचेस्टरहून गाडी पेनाइन टेकड्यांतला लांबलचक बोगदा ओलांडून तिथे पोहोचते. स्टेशनची इमारत ग्रीक देवळासारखी खांबांची. समोर चौकात याच गावात जन्मलेले पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन पुतळा होऊन लगबगीने चालले आहेत. आणि चौकाच्या कडेला ते हॉटेल, जॉर्ज. २९ ऑगस्ट १८९५ रोजी उत्तरेकडचे रग्बी क्लब इथे जमले आणि लंडनच्या रग्बी युनियनमधून बाहेर पडले.

मागणी काय होती? गिरणीत नि खाणीत काम करणारा गडी शनिवारी सामना खेळायला गेला की त्याची पाळी बुडायची आणि पगार कापला जायचा. तो बुडालेला रोज क्लबने भरून द्यावा, जास्तीत जास्त सहा शिलिंग. बस. लंडनच्या मंडळींनी हे ऐकून खेळ भ्रष्ट होत असल्याची ओरड केली. शनिवारची सुट्टी ज्याच्या घरी जन्मापासून पाणी भरते त्याला सहा शिलिंग भ्रष्टाचार वाटणारच. त्यातून रग्बी दुभंगली ती दुभंगलीच. उत्तरेची रग्बी लीग तेरा गड्यांची झाली, नियम बदलले, आणि तिकडे जाऊन खेळणाऱ्याला युनियनने वाळीत टाकलं, मग त्याने पैसे घेतलेले असोत वा नसोत. शेवटी ऑगस्ट १९९५ मध्ये युनियननेही पैसे देणं मान्य केलं. बरोबर शंभर वर्षं! चौकात बाकावर बसलेल्या एका आजोबांना मी हे म्हटलं, तर ते म्हणाले, “त्यांना हिशेब जमायला वेळ लागतो.”

विम्बल्डनबद्दल फार लिहीत नाही. संग्रहालय उत्तम, हिरवळ दोरीपलीकडून बघायची. व्यावसायिकांना तिथे १९६८ मध्ये प्रवेश मिळाला आणि पहिल्याच वर्षी रॉड लेव्हर जिंकला, म्हणजे पैसे घेतो म्हणून ज्याला पाच वर्षं बाहेर ठेवलं होतं तोच. लेव्हरला २,००० पौंड, महिलांची विजेती बिली जीन किंगला ७५०. एक भिंत पाडली आणि दुसरीवर बोट ठेवायला जागा करून दिली.

आता हॅकनी मार्शेस. रविवारी सकाळी पूर्व लंडनमध्ये ली नदीच्या काठी उतरावं आणि नुसतं उभं राहावं. नजर पोहोचेल तिथवर फुटबॉलची मैदानं, एकाला एक खेटून. एके काळी शंभरावर होती. युद्धात बॉम्बने पडलेल्या घरांचा राडारोडा या जमिनीत भरलेला आहे आणि वर हे सगळं चाललंय. बेकहॅम पोरसवदा असताना इथे खेळला, हे तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी सांगतंच.

सामन्याआधी संघच गोलपोस्टला जाळी बांधतो. एका गोलकीपरने दुसऱ्याच्या खांद्यावर चढून आडव्या दांड्याला जाळी चिकटवली, चिकटपट्टी दातांनी तोडली, खाली उतरला आणि मग हातमोजे घातले. रेफरी दोन्ही कर्णधारांकडून आपली फी रोख घेतो, मोजतो, मोज्यात खुपसतो आणि शिट्टी मारतो. लाइन्समन नावाचा प्राणी म्हणजे राखीव खेळाडू, अंगात ओव्हरकोट आणि हातात झेंडा. तो आपल्याच संघाचा असल्यामुळे समोरचा फॉरवर्ड धावायला लागला की झेंडा आपोआप वर जातो. रेफरी तिकडे बघतच नाही. मधूनच शेजारच्या मैदानातला चेंडू आपल्या मैदानात घुसतो, कुणीतरी त्याला लाथ मारून परत पाठवतं, खेळ चालूच.

पण खरी मजा रेषेवर. प्रेक्षक म्हणजे दोन मैत्रिणी, एक बाप, तीन कुत्रे. एका सेंटर बॅकची बायको बाबागाडी हलवत अखंड समालोचन करत होती. “वळ! अरे वळ ना! बस आता, वळला, ट्रकसुद्धा लवकर वळतो.” नवऱ्याने भर सामन्यात थांबून तिला विचारलं, “तू कुणाच्या बाजूने आहेस?” तेवढ्यात मागून माणूस निसटला आणि गोल झाला. ती शांतपणे माझ्याकडे वळून म्हणाली, “अकरा वर्षं हेच.”

ही माणसं खेळण्यासाठी पदरचे पैसे भरतात. मैदानाचं भाडं, रेफरी, दंड, सगळं वर्गणीतून. ग्रेसच्या शेजारी यांना हौशी म्हणून उभं करायचं, तर ग्रेससाठी दुसरा शब्द शोधावा लागेल.

मार्शेसवरून दक्षिणेकडे पाहिलं तर ऑलिंपिक पार्क आणि तिथला शिल्पकार अनिश कपूरचा लाल लोखंडी गुंता दिसतो. त्याच्या पायथ्याशी २०१२ चं स्टेडियम, जिथे २०१६ पासून वेस्ट हॅम हा फुटबॉल क्लब खेळतो. हा क्लब १८९५ मध्येच जन्मला. टेम्स आयर्नवर्क्स या जहाजं बांधणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचा संघ तो. तीन वर्षांत व्यावसायिक झाला, १९०० मध्ये नाव बदललं. बोधचिन्हावर आजही दोन हातोडे आहेत.

मी तिथे सामना बघायला गेलो तेव्हा साबणाचे फुगे हवेत सोडले गेले, सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं, अंगावर काटा आला. मग खेळ सुरू झाला आणि काटा गेला. स्टेडियम मुळात धावण्याच्या शर्यतींचं, त्यामुळे मैदान लांब, खेळाडू बोटभर. शेजारचे गृहस्थ क्लबच्या जुन्या मैदानाच्या, अप्टन पार्कच्या, आठवणींनी हळहळत होते. तिथे म्हणे थ्रो टाकणाऱ्याला शिवी दिली की तो मान वळवायचा. “इथे घरून पत्र पाठवायला लागेल.” त्यांच्या मते १९६६ चा विश्वचषक इंग्लंडने नाही, वेस्ट हॅमने जिंकला. कर्णधार मूर आमचा, अंतिम सामन्यातले चारही गोल आमचे, हर्स्टचे तीन आणि पीटर्सचा एक. यावर वाद घालायला मला मुद्दा सापडला नाही. मुंबईने रणजी जिंकली की आपणही भारतीय क्रिकेटबद्दल असंच बोलतो.

सामना रटाळ बरोबरीत सुटला. स्ट्रॅटफर्ड स्टेशनकडे जाताना गर्दी आवरायला स्वयंसेवक हातात ‘थांबा’ आणि ‘चला’ असे फलक घेऊन उभे असतात. प्रत्येक ‘थांबा’ला आमच्या घोळक्याची नवी निवड समिती भरत होती. डाव्या बॅकला काढा, मॅनेजरला काढा, मालकांना आधी काढा. शेवटी कुणीतरी मला विचारलं, तुम्ही लांबून आलात, तटस्थ आहात, तुम्ही सांगा. मी म्हटलं, डावा बॅक ठेवा, पण त्याच्यासमोर कुणीतरी मदतीला परत येणारं खेळवा, तो एकटा किती धावेल? क्षणभर शांतता. मग चौघे एकदम माझ्यावर तुटून पडले आणि ‘चला’चा फलक वर गेला तरी कुणी हलेना.