गोगलगाय आणि पोटात जस्त

रस्त्याकडेच्या गोगलगाईंच्या अंगात किती धातू साठतात हे पाहायला मी 28 दिवस काही गोगलगाई जाळीच्या पिंजऱ्यांत रस्त्याकडेला ठेवल्या, काही मागच्या बागेत. निकाल आले आणि दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. रस्त्याकडेच्या गोगलगाईंपेक्षा कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी बागेत ठेवलेल्या गोगलगाईंच्या पचनग्रंथीत जस्त जास्त! तेही डोळ्यांत भरेल इतकं.

आधी संशय स्वतःवरच. पण 48 तासांचा उपास पुरा झाला होता, पोटातली माती निघून गेली होती, डबे रोज धुतले होते. प्रयोगशाळेवर खापर फोडावं, तर ब्लँक, म्हणजे नमुना न घालता केलेली चाचणी, स्वच्छ आणि ग्रंथीच्या एकाच भुकटीच्या दोन पुड्यांचे आकडे जुळलेले.

रविवारी पिंजरे धुवायला काढले. बागेतल्या पिंजऱ्याच्या झाकणाला आतून खडूसारखी पांढरी पूड धरलेली, आणि तिच्यातून गेलेल्या चकचकीत, नागमोडी रेघा. बाईसाहेबांनी रॅड्युलानं, म्हणजे आपल्या दातेरी जिभेनं, जाळी किसून खाल्ली होती.

जाळी जस्ताचा मुलामा दिलेली. ओल लागली की त्यावर ही पूड धरते. बागेत सावली नि ओल, त्यामुळे तिथल्या रात्रभर फिरत्या. रस्त्याकडेला सगळं कोरडं ठाक. तिथल्यांनी 28 पैकी बरेच दिवस तोंडावर पापुद्रा ओढून झोपा काढल्या. झोपलेली ना पाला खाते, ना जाळी. थोडक्यात, महिनाभर मी माझा पिंजराच मोजत होतो. ‘गंजणार नाही’ म्हणून जाळी देणारा खोटं बोलला नाही. लोखंड शाबूत आहे, त्याच्या वाटचं जस्त झिजलं.

शिशाचे आकडेही आता हातचे गेले, कारण मुलाम्याच्या जस्तात शिसं असू शकतं. थोडंफार कॅडमियमही. आणि कॅडमियमसाठीच तर हा सगळा खटाटोप! गोगलगाय ते मेटॅलोथायोनिन नावाच्या प्रथिनाला बांधून ग्रंथीत साठवते आणि सहजी सोडत नाही. तांबं तेवढं जाळीतून आलेलं नसावं, पण हिमोसायनिनसाठी, म्हणजे प्राणवायू वाहणाऱ्या रक्तातल्या प्रथिनासाठी, तिला ते लागतंच, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावरून काय बोलणार?

एक मात्र जमलं. 12 पैकी 11 ग्रंथी अखंड निघाल्या. शेंड्याकडच्या वेढ्यातली ती तपकिरी गुंडाळी मागच्या वेळी हमखास फाटायची. यंदा गोठवलेली गोगलगाय अर्धवटच वितळू दिली आणि प्लास्टिकचा चिमटा वापरला. स्टीलच्या चिमट्याचं कौतुक करणाऱ्यांनी क्रोमियम-निकेलचाही विचार करावा.

पुढच्या फेरीला स्टेनलेस जाळी घ्यायची ठरवली होती. पण वरचं वाक्य लिहिलं आणि थबकलो. तीही किसतील की! मग तळ कापलेला प्लास्टिकचा डबा, भोकं पाडून मातीत रोवायचा. नाही, त्याआधी चोर पकडायला हवा. एकच माती, एकच पाला, दोन डबे. एकात जुन्या जाळीचा तुकडा. पुन्हा 28 दिवस.

सारख्या वजनाच्या 12च उरल्यात. सहा-सहा करून आज रात्री डब्यांत सोडतो. जाळी भंगारात टाकली होती, ती परत काढून आणली.