हिरव्या शाईतली सही

मार्च संपत आला होता. वर्धा रोडवरच्या आमच्या ऑफिसात मी अप्रेझलचे फॉर्म भरायला बसले. बिलिंगची ८ जणांची टीम माझ्याकडे आहे. सकाळच्या शिफ्टमधल्या एका मुलाला ५ पैकी ४ देताना विचारसुद्धा करावा लागला नाही. तो माझ्या केबिनच्या काचेसमोरच बसतो. येता-जाता "मॅडम, जेवण झालं का?" विचारतो, शनिवारी सगळ्यांसाठी तर्री-पोहे आणतो. पुढचं नाव दुपारी २ ते रात्री १० करणाऱ्या मुलीचं. तिच्याबद्दल काही आठवेचना. ३ दिले.

रिमार्कच्या रकान्यात काहीतरी लिहायला हवं, म्हणून पार्टीकडून परत आलेल्या बिलांचं रजिस्टर काढलं. वर्षभरात त्याची १९ बिलं परत आलेली. कुठे जीएसटी नंबर चुकलेला, कुठे जुनाच दर. तिची २. आणि त्याच्या बहुतेक नोंदींपुढे "दुरुस्त केले" लिहून हिरव्या शाईत सही तिची. त्याच्या चुका रोज रात्री ती निस्तरत होती, आणि मी सहाला घरी गेलेली असायची.

एमबीएला मोरलँड आणि बीच या मानसशास्त्रज्ञांचा १९९२ चा प्रयोग शिकले होते. चार तरुणी कॉलेजच्या एका वर्गात नुसत्या येऊन बसायच्या. एक १५ वेळा, एक १०, एक ५, चौथी एकदाही नाही. कोणाशी बोलायचंही नाही. शेवटी वर्गातल्या मुलामुलींना त्यांचे फोटो दाखवले, तर जी जास्त वेळा येऊन गेली तीच जास्त आवडली. चीनमधल्या सीट्रिप कंपनीत तर घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, पण तेवढ्याच कामावर बढती मात्र ऑफिसात बसणाऱ्यांपेक्षा कमी मिळाली. हे सगळं मी परीक्षेत व्यवस्थित लिहिलं होतं. स्वतःच्या टेबलावर ओळखू आलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

त्या दिवशी मी रात्रीपर्यंत थांबले. तिला बोलावलं तर ती घाबरतच आली. "काही चुकलं का मॅडम?" मी रजिस्टर तिच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, हे कधी सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तुम्हाला माहीतच असेल ना, सही तर करते मी."

तिचे आकडे तिथेच बदलले. गुरुवारी आता मी दुपारी येते आणि दहापर्यंत थांबते. मागच्या वर्षीचा फॉर्मही मीच भरला होता. त्यावरची वाढ लागून गेलेली आहे, ती आता बदलता येत नाही.