मी परदेशी आहे, हे आधीच का लिहिते

गेली काही वर्षे टोकियोतल्या निशी-कासाईतल्या आपल्या मंडळींपैकी कोणी ना कोणी मला हा प्रश्न विचारतेच, आणि दर वेळी मी काहीतरी अर्धवट सांगून वेळ मारून नेते. मेर्कारी या जपानी खरेदी-विक्रीच्या ॲपवर घरातल्या जुन्या वस्तू विकताना माझ्या प्रोफाइलमध्ये ‘मी परदेशी आहे, माझी जपानी कच्ची आहे, आमच्या घरात रोज मसाल्याचा स्वयंपाक होतो’ ही ओळ मी कशासाठी ठेवली आहे, हा तो प्रश्न. पार्सल निनावी जाते, नाव-पत्ता कोणाला कळत नाही, भाषांतराचे ॲप हाताशी आहे, मग आलेले गिऱ्हाईक आपणहून कशाला घालवायचे, असे तुमचे म्हणणे असते. तुम्ही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सुरुवातीची वर्षे मीही ती ओळ लिहीत नव्हते. जपानी विक्रेत्यांची वाक्ये पाहून तशीच लिहायची: घरात कोणी सिगारेट ओढत नाही, पाळीव प्राणी नाहीत, वस्तू घरी ठेवलेली होती हे समजून घ्यावे. वस्तूच्या अवस्थेच्या सहा पायऱ्यांपैकी मी नेहमी खऱ्यापेक्षा एक पायरी खालची निवडत असे, म्हणजे उघडणाऱ्याची निराशा होणार नाही. सगळे शेरे चांगले येत होते. वस्तू चोख असली की विकणारी कोण आहे याच्याशी कोणाला देणेघेणे नसते, असे मी तेव्हा ठामपणे म्हणत असे. त्या ठामपणामागे घर शोधतानाचे अनुभव होते. जपानच्या न्याय मंत्रालयाने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे 39 टक्के लोकांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचे सांगितले होते. तो नकार आपल्यापैकी बहुतेकांनी समोरासमोर ऐकला आहे. त्यामुळे ज्या व्यवहारात चेहरा नाही आणि आडनावही नाही, तो मला फार मोकळा वाटायचा.

मार्च 2022 च्या अखेरीस मी मुलीचा गडद निळा फ्रॉक आणि त्यावरचे आखूड जाकीट विकायला काढले. शाळाप्रवेशाच्या समारंभात एकदाच घातलेले, 120 मापाचे, ड्रायक्लीन करून कव्हरमध्ये ठेवलेले. एप्रिलच्या समारंभांमुळे त्या दिवसांत अशा कपड्यांना मागणी असते. ते 3,200 येनला गेले, म्हणजे 10 टक्के शुल्क आणि पाठवणी वजा जाता हाती फारसे काही येणार नव्हते. तरी मी ते पातळ कागदात गुंडाळले, जाकिटाच्या खिशात लॅव्हेंडरची एक पुडी ठेवली आणि आभाराची चिठ्ठी हाताने लिहिली.

दोन दिवसांनी घेणाऱ्या बाईचा संदेश आला. कपडे मिळाले, शिवण फार सुंदर आहे, आणि ‘निओइ गा सुकोशि की नि नारिमाशिता’, म्हणजे वास जरा मनात राहिला. ‘की नि नारु’ हा प्रयोग मी दुकानांच्या पाट्यांवर आणि मासिकांत वाचला होता. तिथे तो मनात भरलेल्या वस्तूसाठी असतो. वासासाठी तिने जी कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षर, लिहिली होती ती सुवासालाही चालते. दुर्गंधीची कांजी वेगळी आहे. मला वाटले, तिला लॅव्हेंडर आवडले. मी लगेच उत्तर पाठवले की तुम्हाला आवडल्याचे वाचून फार आनंद झाला, मुलीला समारंभाच्या शुभेच्छा.

तिने शेरा दिल्याची सूचना त्याच रात्री आली. विकणाऱ्याने स्वतःचा शेरा दिल्याशिवाय समोरच्याचा दिसत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. मी ‘चांगला’ निवडला, तुमच्यासारख्या सौजन्यशील व्यक्तीशी व्यवहार झाला याबद्दल आभारी आहे असे लिहिले, आणि मग तिचा शेरा उघडला. ‘निराशाजनक’. खाली लिहिले होते की वासाबद्दल कळवले होते, परंतु उत्तरात ‘सेइई’ नव्हती. समारंभ परवा असल्यामुळे परत पाठवणे शक्य नाही.

सेइई म्हणजे मनाचा खरेपणा, कळकळ. एखाद्याच्या वागण्यात ती नाही असे म्हणणे जपानीत किती जड आहे, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. ‘की नि नारु’ खटकण्यालाही म्हणतात, हे मला त्या रात्री शब्दकोशात सापडले. तिने सौम्य कांजी निवडली होती, तो तिचा सभ्यपणा होता, आणि त्या सभ्यपणामुळेच मला काही कळले नाही. मी उठून ओशिइरे उघडले. आमचे ते भिंतीतले कपाट स्वयंपाकघराला लागून आहे. आतल्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून मी लांब श्वास घेतला, आणि मला कसलाच वास आला नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वेटर मी पाळणाघरापासूनच्या ओळखीच्या एका जपानी आईला दाखवला. तिने तो जरा दूर धरून म्हटले, करीसारखा वास आहे, छान आहे. म्हणजे होता. हिंग-मोहरीची फोडणी वर्षानुवर्षे त्या लाकडात मुरली होती, आणि ‘सिगारेट नाही, प्राणी नाहीत’ हे अक्षरशः खरे लिहूनही मी तिला अर्धेच सांगितले होते.

क्षमापत्र लिहायला मला तीन तास लागले. त्याला उत्तर आले नाही.

तुम्ही म्हणता, तिने स्पष्ट सांगायला हवे होते. पुष्कळ दिवस मीही तेच म्हणत होते. पण तिच्या भाषेत ती स्पष्टच बोलली होती, जपानी विक्रेतीला ते ताबडतोब कळले असते. समोर कच्च्या जपानीची बाई आहे हे तिला ठाऊक असते, तर तिने कदाचित सोपे वाक्य लिहिले असते. ती ओळ मी त्या ‘कदाचित’साठी ठेवली आहे. ‘नाजूक स्वभावाच्या व्यक्तींनी खरेदी टाळावी’ हे इथले रुळलेले वाक्य वापर, असेही तुमच्यापैकी काहींनी सुचवले. ते मला जमत नाही, कारण त्यात दोष घेणाऱ्याच्या माथी जातो.

विक्री कमी झाली, हे मी लपवत नाही. ती ओळ वाचून एका खरेदीदाराने मला सगळा संदेश हिरागाना या सोप्या उच्चारलिपीत, शब्दाशब्दांत जागा सोडून, लहान मुलाला लिहावा तसा लिहिला. त्या काळजीने मला बरेही वाटले आणि बोचलेही. मैत्रिणीने एकदा विचारले होते की मसाल्याचे लिहून तू आपल्या सगळ्यांच्याच घरांवर शिक्का मारत नाहीस का, घर नाकारणारे मालक हेच तर म्हणतात. यावर माझ्याजवळ उत्तर नाही. घरातला कुत्रा सांगायचा असतो, सिगारेट सांगायची असते, मग फोडणीही सांगावी, असे मी म्हणते खरे, पण कुत्रा पाळला म्हणून माणसाला कोणी परके ठरवत नाही, हेही मला कळते. दोनदा मी मसाल्याचा भाग काढून टाकला आणि दोन्ही वेळा पुन्हा लिहिला.

सध्या मुलीचा लोकरी कोट विकायचा आहे. एकीने आधीच विचारले आहे की वास येतो का. चार दिवस तो बाल्कनीत टांगला आहे. काल मी मुलीला हुंगायला सांगितले, तर ती म्हणाली, “आई, मला काहीच येत नाही.” पण तीही याच घरात वाढली आहे. शेजारच्या आजींना विचारावे, तर त्या छान आहे असेच म्हणतील. खरेदीदार बाईला उत्तर अजून लिहायचे आहे.