तुम्ही विचारलंत म्हणून: आत कुणाला टाकायचं?

मी गुरांचा डॉक्टर. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत असो की एसटीत, हा प्रश्न ठरलेला: ‘मुक्या जनावरांना छळणाऱ्यांना सरळ आत टाकायला नको का हो?’ टाका की. पण सगळ्यांना नको, असं मी म्हणतो आणि विचारणारा जरा नाराज होतो.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत विषय लावून धरला म्हणून तो झाला. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर १०० रुपयांपर्यंत दंड, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद. पन्नासात आज धड मिसळ येत नाही! तमिळनाडूतल्या जल्लीकट्टू या बैलांच्या खेळावरच्या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा वाढवायला सांगितलं. २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदा निघाला, तो मसुदाच राहिला.

आता ऊसतोडीच्या हंगामात माझ्यासमोर येणारा बैल बघा. जुवाखाली खांदा सुजून टणक झालेला, कातडं सोललेलं, मागे पराणीची (हाकायच्या काठीची) आर टोचल्याच्या जखमा. अणकुचीदार पराणी वापरायला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचं नाही, हेही त्यातच लिहिलंय. पण गाडीवान बीडकडचा, मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फेडतोय, खेप बुडाली तर मजुरी बुडते. त्याला आत घातलं तर त्याचा कोयता (तोडणीची नवराबायकोची जोडी) मोडतो, बैल मुद्देमाल होऊन कुठंतरी दावणीला उपाशी उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर दुसरी जोडी तेवढाच ऊस ओढते. इथं दंड हवा, चांगला सणसणीत, आणि तो मुकादमाकडून वसूल व्हावा. गाडी किती भरायची हे गाडीवान एकटा ठरवत नाही.

सोसायटीत भाकरीत विष कालवून कुत्री मारणारा मात्र वेगळा. त्याची ना मजुरी बुडत असते, ना पोट अडलेलं असतं. त्याला तुरुंगच. आणि तसा कायदा आहेसुद्धा. जुन्या दंडसंहितेत आधी जनावराची किंमत बघायचे, किमान दहा रुपये. भटक्या कुत्र्याची किंमत कोण लावणार? जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ कलमात ती अटच नाही. कुठल्याही जनावराला मारलं, विष घातलं, लुळं केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अडतं पुराव्यावर. माझ्याकडे फोन येतो तोवर लोकांनी हळहळून, हळदकुंकू वाहून कुत्रं पुरलेलं असतं. विषाचा नुसता संशय कोर्टात टिकत नाही. तेव्हा पुरू नका. फोटो काढा, उरलेली भाकरी हातमोजे घालून पिशवीत ठेवा, पोलिसांना ३२५ कलम सांगा आणि त्यांच्या पत्रानं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदन करून घ्या. व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) प्रयोगशाळेत गेला तरच पुढचं बोलणं.