धामणीची गाठ आणि जुन्या करवतीचं पातं

धामणीच्या झाडाचं लाकूड चिवट. कुऱ्हाडीच्या दांड्याला, कावडीला गावोगाव तिलाच मागणी असते, आणि धनुष्यासाठी तिच्याइतकं भरवशाचं लाकूड मला तरी आमच्या भागात दुसरं सापडलेलं नाही. पण तिच्यात गाठ असली की रंधा हात टेकतो. गाठीभोवती लाकडाच्या रेषा वळलेल्या असतात. पातं बोटभर नीट जातं आणि पुढे एकदम ढलपी उपटतं.

त्या दिवशीच्या धनुष्यात वरच्या बाहूवर, मुठीपासून वीतभर अंतरावर अशीच गाठ होती. ते एका कॉलेजच्या मुलीसाठी होतं आणि ती सकाळीच न्यायला येणार होती. खालचा बाहू सुरेख वाकत होता. वरचा मात्र गाठीच्या आसपास ताठ. आतल्या बाजूने तिथलं लाकूड उतरवायला हवं होतं, पाठीला, म्हणजे बाहेरच्या बाजूला, तर हात लावायचाच नाही. पाठीवरची रेषा तुटली की धनुष्य तिथूनच फुटतं.

तिथे जाडी होती 12 मिलिमीटर. वाकण्याचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणजे 12 मधला एक मिलिमीटर गेला तर त्या जागेचा जवळजवळ चौथा हिस्सा ताठरपणा जातो. रंध्याने खोल ढलपी उपटली असती तर सगळा बाक त्या एका जागी येऊन बसला असता. पॉलिश पेपरने काम झालं असतं, पण रात्र सरली असती. मला खरवडायला हवं होतं, तेही गाठीचा उंचवटा सांभाळून.

आधी खिडकीची फुटकी काच घेतली. ताज्या तुटलेल्या काचेची कड अप्रतिम चालते, कागदासारखी साल निघते. पण ती धार लवकर मरते आणि बारीक कपच्या लाकडात रुततात. हातमोजे असूनही मला ते पटेना.

मग कोपऱ्यातली दात गेलेली हातकरवत काढली. तिचं पोलाद पातळ, लवचीक, चांगलं पाणी दिलेलं. ग्राइंडरने थांबत थांबत, पाणी मारत तळहाताएवढा तुकडा कापला. कड निळी पडली की पोलाद नरम झालंच म्हणून समजा. अर्धगोल कानशीने एका कडेला किंचित पोकळ आकार दिला, गाठीच्या उंचवट्यावर बसेल असा. कड काटकोनात ठेवून दगडावर गुळगुळीत केली.

राहिली खरी धार. खरवडायच्या पात्याला सुरीसारखी धार नसते. कडेवर त्याहून कडक पोलाद दाबून फिरवायचं, म्हणजे डोळ्याला न दिसणारा आकडा वळतो आणि तोच लाकूड कापतो. माझ्याकडे तसा कडक दांडा नव्हता. शेजारच्या गॅरेजात गेलो.

“काका, पिस्टनची पिन चालेल? जुनीच आहे,” मुलगा म्हणाला.

का नाही चालणार! पिन वरून कडक केलेली, आरशासारखी गुळगुळीत. तेलाचं बोट लावून ती कडेवरून फिरवली, मग जराशी तिरकी धरून पुन्हा.

पहिल्याच ओढीला भुस्सा नाही, साल निघाली. पारदर्शक, गुंडाळत जाणारी. भुस्सा पडला की आकडा गेला, पिन पुन्हा फिरवायची, एवढाच नियम. सारखं एकाच दिशेने ओढलं तर लाकडावर लाटा उठतात, म्हणून पातं कधी डावीकडे, कधी उजवीकडे तिरकं धरत गेलो. चार ओढी, मग दोरी लावून भिंतीच्या खुंटीवर धनुष्य पुन्हा पुन्हा ओढून बघायचं. ही घाई करण्याची जागाच नाही, कारण खरवडल्याचा परिणाम धनुष्य पुष्कळ वेळा वाकवल्यावरच दिसतो. अंधार पडता पडता दोन्ही बाहू सारखे वळायला लागले आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

सकाळी मुलीने गाठीवरून अंगठा फिरवला. “काका, इथे जाड का ठेवलंत? सपाट नाही होणार?”

“होईल की, पण करायचं नाही. गाठीत रेषा सलग नसतात गं, भार आजूबाजूचं लाकूड घेतं. म्हणून तिथे थोडं जास्त हवं.”

तिने मान हलवली आणि ओढायला सुरुवात केली. आधी अर्ध्यापर्यंत, मग 28 इंचांपर्यंत. मी बाजूला उभा राहून फक्त वरचा बाहू बघत होतो.