पाइपला घाम येईपर्यंत

ऑगस्टमधली सकाळ, बाहेर संततधार. वर्कशॉपमध्ये हवा इतकी दमट की पितळी नटाला हात लावला तर ओला लागायचा. एसी मेकॅनिकांची बॅच होती. आर-22 या एसीतल्या जुन्या गॅसवर हात बसलेल्यांना आर-290, म्हणजे प्रोपेन, शिकवायचा होता. त्यांत कुर्ल्याचे एक मेकॅनिक, वीस-बावीस वर्षं याच धंद्यात, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत. आमची शिकवण्याची पद्धत पाहायला टांझानियाहून एक प्रशिक्षकही आले होते.

पहिल्या तासाला फळा वापरायचा नाही, हा माझा नेम. दोन स्प्लिट मशीन पायपिंग करून ठेवली होती. शेजारी आर-290 ची चिठ्ठी लावलेले सिलिंडर. आत मात्र नुसता नायट्रोजन. म्हटलं, "साइटवर लावता तसंच लावा." उस्तादांनी होज जोडला, सिलिंडरचा व्हॉल्व्ह जरासा उघडला, दुसऱ्या टोकाचा नट ढिला केला, दोन-तीन सेकंद फुस्स होऊ दिलं आणि नट आवळला. "हवा काढली, सर."

दुसऱ्या मशीनवर पाहुण्यांनीही तेच केलं. नट ढिला, फुस्स, नट घट्ट. उस्ताद वळून बघत होते. म्हणाले, "सर, हे तर आपल्यातलेच निघाले!"

तो क्षण डोक्यातून जात नाही. दोन देश, दोन भाषा, आणि हाताची सवय एकच. आर-22 मध्ये असा गॅस सोडला तर ओझोनचं नुकसान व्हायचं, पण खोलीतल्या माणसाला काही कळायचंही नाही. प्रोपेनचं तसं नाही. तो हवेपेक्षा दीडपट जड, खाली बसतो, पलंगाखाली साचतो. घनमीटरला सुमारे 38 ग्रॅम झाला की ठिणगी पुरते, आणि ती पाइपातली हवा खेचणाऱ्या व्हॅक्यूम पंपाच्या साध्या बटणातूनही येते. म्हणून पंपाचं बटण आधीच चालू ठेवायचं आणि तीन मीटर लांबच्या प्लगवरून तो सुरू करायचा. गॅस डिटेक्टर गुडघ्याच्या उंचीवर नाही, जमिनीलगत.

मग खरं काम सुरू केलं. पंप लावला, मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम मोजतं; आकडा जितका कमी तितका पाइप रिकामा) 500 पर्यंत उतरलं, व्हॉल्व्ह बंद केला. काटा चढायला लागला आणि 1800 च्या आसपास येऊन थांबला. बॅचमधून आवाज आला, "लीक आहे." लीक नव्हतं. लीक असतं तर काटा थांबलाच नसता, बाहेरच्या दाबापर्यंत चढत गेला असता. मध्येच थांबतो तेव्हा आत पाणी कमी दाबामुळे उकळत असतं. आपल्या पावसाळ्यात पाइप तासभर उघडा राहिला तरी एवढी ओल आत जाते. ती तिथेच राहिली की कॅपिलरीच्या, म्हणजे आतल्या बारीक नळीच्या, तोंडाशी बर्फ धरतो, तेलात आम्ल तयार होतं, आणि सहा महिन्यांनी गिऱ्हाईक म्हणतं कॉम्प्रेसरच खराब होता. कोरडा नायट्रोजन भरून व्हॅक्यूम तोडला, पुन्हा खेचला, असं दोनदा केलं. तिसऱ्या वेळी काटा 620 वर थांबला आणि पंधरा मिनिटं तिथेच राहिला. पाहुण्यांनी आकडे वहीत उतरवले. टांझानियातलं दार-ए-सलामही समुद्रकाठचंच, ओलीचा हिशेब वेगळा नाही.

गॅस भरताना उस्ताद पुन्हा अडले. त्या मशीनला हवा होता 300 ग्रॅम. वजनकाट्यावर 300 दिसले, मी व्हॉल्व्ह बंद करायला सांगितला. ते गेजकडे बघत होते, मग हात रिटर्न पाइपवर गेला. "सर, अजून घाम नाय आला. थोडा मारू?" उभी हयात आर-22 त्यांनी असाच भरलेला: प्रेशर 60-65, अँपिअर बघायचे, पाइपला घाम आला की बस. प्रोपेनचा दाब आर-22 च्या जवळपासच असतो, त्यामुळे गेज ओळखीचंच दिसतं, पण वजन निम्म्याहून कमी लागतं. फसगत नेमकी इथेच होते. 12 बाय 15 ची, 9 फूट उंचीची खोली म्हणजे 46 घनमीटर. त्यात 300 ग्रॅम सांडला आणि नीट मिसळला तर घनमीटरला साडेसहा ग्रॅम, धोक्याच्या रेषेचा सहावा हिस्सा. मशीनवर लिहिलेलं वजन हा खोलीचा हिशेब असतो. घामावर भरलेल्या गॅसला हिशेबच नाही.

या कामामागे मोठी यंत्रणा आहे. ओझोन वाचवण्यासाठीचा 1987 चा मॉन्ट्रियल करार, श्रीमंत देशांच्या वर्गणीतून चालणारा बहुपक्षीय निधी, आपल्याकडे सर्व्हिसिंगच्या प्रशिक्षणाला जर्मनीच्या जीआयझेड या सरकारी मदतसंस्थेची साथ. त्याच करारातल्या 2016 च्या किगाली दुरुस्तीने आर-22 सारख्यांच्या जागी आलेल्या, पृथ्वी तापवणाऱ्या एचएफसी गॅसवरही मर्यादा आणली: बहुतेक विकसनशील देशांना 2024 पासून, भारताला 2028 पासून. वेळापत्रकात पाहुण्यांचा देश आपल्या पुढे आहे. मला हे सगळं मोलाचं वाटतं. पण पंप, मायक्रॉन गेज आणि वजनकाटा प्रशिक्षण केंद्राच्या कपाटात राहतो, आणि मेकॅनिक प्रमाणपत्र घेऊन जुनीच पिशवी उचलतो, हे मला सलतं. सीझनमध्ये दिवसाला सहा-सात कामं, पैसे कामावर. व्हॅक्यूमचा पाऊण तास कोण भरून देणार? पाहुण्यांना हेच विचारलं. ते म्हणाले, त्यांच्याकडेही व्हॅक्यूमचे वेगळे पैसे कोणी देत नाही.

त्यावर आम्ही जेवणाच्या सुट्टीत बिलाचा नमुना बनवला. व्हॅक्यूमची वेगळी ओळ, शेजारी मायक्रॉनचा आकडा, खाली भरलेलं वजन ग्रॅममध्ये. नमुना एका मराठी आणि एका इंग्रजी कागदावर. संध्याकाळी आवराआवर चालली होती तेव्हा उस्ताद मोबाइल काढून मायक्रॉन गेजचा फोटो घेत होते. "सर, हा फोटो बिलाला जोडला तर चालेल ना?"

चालेल म्हटलं. पण आकडा पंधरा मिनिटं थांबल्यानंतरचा घ्या, लगेचचा नको.